पांढरा पडदा

वकिलात म्हणतात तिला. वकील नाही, खटला नाही,
तरी माणसं तिच्यापुढे तशीच उभी राहतात, टोप्या काढून.
ती दिल्लीत. आम्ही देवगडात.
इथून निघायचं तर आधी नांदगाव स्टेशन गाठायचं,
आणि दिल्लीची गाडी नांदगावला थांबत नाही.

माझं दुकान स्टँडसमोर. झेरॉक्स, लॅमिनेशन, फोटो.
कर्णबीर रोकाया आला तो ऐन फाल्गुनात,
मागे जौकला, तिच्या बोटाला पोर.
बापर्डेकरांच्या बागेत सात वर्षं राखणीला;
वानरांवर ओरडून ओरडून आवाज कायमचा बसलेला.
त्या बसक्या आवाजात म्हणाला,
जाऊन-येऊन आठ दिवस लागतात, ताई.
आठ दिवसांत आंबा कोणाचा राहतो?

म्हणून पोर पाचाची झाली तरी
तिच्या देशाला तिची खबर नव्हती.
आता वकिलातच रत्नागिरीला येणार होती,
एका रविवारापुरती.

अर्ज माझ्याच लिपीत. वाचता येत होता, कळत नव्हता,
भिंतीपलीकडचं भांडण ऐकू यावं तसा.
छोरी म्हणजे मुलगी, हे त्याने सांगितलं.
ठेगाना म्हणजे ठिकाणा, हे माझं मला उमगलं.
स्थायी ठेगाना: कालीकोट, वडा नंबर सहा.
वडा वाचून मी हसले. तोही हसला, उपाशी माणसासारखा.
अस्थायी ठेगाना जौकलाने सांगितला:
पाचशे कलमं, मग विहीर, मग आम्ही.

दाखल्यावर जन्म दोन हजार एकोणीस,
अर्जाला हवा दोन हजार पंच्याहत्तर,
माझ्या भिंतीवरच्या पंचांगात तेव्हा शके एकोणीसशे चाळीस.
पोर एकच, खुर्चीवर पाय हलवत बसलेली.

मग फोटो. कान दिसायला हवेत, दात नकोत.
मग अंगठे. डावा, उजवा.
कर्णबीरचा उमटेना.
चिकाने भाजून भाजून बोटं गुळगुळीत झालेली,
शाई लागायची, रेष एकही नाही.
खोबरेल लावून पाहिलं, साबण, पुन्हा खोबरेल.
तीन कागद गेले. चौथ्यावर
एक काळा ठिपका आला, जरा लांबट.
म्हटलं, असू दे. तुझाच आहे ना.

रविवारी पहाटे आंब्याच्या टेम्पोत अकरा माणसं,
पेट्यांच्या फटीत, आणि मी, पडदा घडी घालून.
मिरकरवाड्याजवळचा हॉल. ट्रॉलरवरचे खलाशी आधीच रांगेत,
रात्रभर तिथेच झोपलेले, अंगाला डिझेलचा वास.
पंखा एक. साहेबही एकच.
दोनला खिडकी बंद, असं कोणीतरी म्हणालं
आणि रांग नुसती आवळली, पुढे सरकली नाही.

दोनला दहा कमी असताना यांचा नंबर.
साहेबाने ठिपका पाहिला, कर्णबीरची बोटं पाहिली,
आणि पोरीकडे वाकून त्यांच्या भाषेत नाव विचारलं.
"माका पबित्रा म्हनतत," ती म्हणाली, खणखणीत.
रांग हसली. साहेबही हसला, शिक्का उचलताना.
जौकला हसली नाही.
तिने पोरीच्या डोक्यावर हात ठेवला
आणि तिथेच ठेवला, टेम्पो देवगडात शिरेपर्यंत.

पावती मिळाली. कागद दिल्लीला जाणार,
मग तिकडून काहीतरी येणार. कधी, ते लिहिलेलं नाही.
पावती त्या गुळगुळीत रोलवरची,
पावसापर्यंत अक्षरं उडतात तिच्यावरची,
म्हणून दोन प्रती काढून घेतल्या. एक माझ्या खणात आहे.
कर्णबीर बागेच्या वाटेने जाता-येता थांबतो,
मी मान हलवते, तो पुढे जातो.
कधी कधी विचारायलाही थांबत नाही,
नुसती माझी मान बघतो.

पडदा मी दोनदा धुतला.
पोरीने धरला होता तिथे डाग राहिलाय, चिकाचा,
चार बोटांचा. तो जात नाही, आंब्याचा कधी जातच नाही.
नवा पडदा आणायचाय. तोवर
येईल त्या गिऱ्हाइकाला मी
जरा डावीकडे सरकून बसायला सांगते.